घेण्याचं माप, देण्याचं माप

आमच्या कॉलनीत एका मुलाला सगळे 'कोळसा' म्हणायचे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची कॉलनी ती. वाघिणींच्या वाघिणी भरून कोळसा यायचा, निम्म्या घरांतले बाप कोळशाशी संबंधित काही ना काही करत होते. तिथं हे नाव सुचायला प्रतिभा लागत नव्हती. ज्याला म्हणायचो तो हसायचा. हसतो म्हणजे त्याला चालतं, असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच्या आईसमोर मात्र आम्ही सगळे त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायचो. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

ही गोष्ट मी पुढे अनेक वर्षं विसरून गेलो होतो. आठवली ती जानेवारी २००८ मध्ये. सिडनीची कसोटी झाली, हरभजनसिंगनं ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप झाला, सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोट्यांची बंदी घातली आणि देशात पुतळे जळायला लागले. मी तेव्हा सुटीवर घरी आलो होतो. चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. एकाच गृहस्थांच्या तोंडून मी एकाच कपात तीन मुद्दे ऐकले. पहिला, भज्जी तसं बोललाच नाही. दुसरा, बोलला असेल तरी आपल्याकडे माकड म्हणजे मारुतीराया, त्यात अपमान कसला? तिसरा, ते गोरे काय कमी शिव्या देतात? हे तीन मुद्दे एकमेकांचा हात धरून उभे राहू शकत नाहीत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मीही मान डोलावत होतो.

२९ जानेवारीला न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे अपिलाची सुनावणी झाली. सचिन तेंडुलकरनं हरभजनच्या बाजूनं साक्ष दिली. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, बंदी उठली, निम्मं मानधन कापलं गेलं. आपल्या बाजूचं म्हणणं काय होतं ते आज नीट आठवून पाहावं. म्हणणं असं, की तो शब्द माकड नव्हताच, ती हिंदीतली आईवरची शिवी होती. म्हणजे आईवरून शिवी दिली हा आपला बचाव होता, आणि तो टिकला म्हणून टपरीवर पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले.

आता जरा मागे जाऊ. सिडनीच्या त्या कसोटीच्या जेमतेम तीन महिने आधी, १७ ऑक्टोबर २००७ ला, हाच सायमंड्स मुंबईत वानखेडेवर खेळत होता. गॅलरीतल्या काही प्रेक्षकांनी त्याच्याकडे बघून माकडासारखे हावभाव केले. त्याचं छायाचित्र निघालं, काही जणांना बाहेर काढलं गेलं. पुतळा कुणाचा जळाला नाही. टपरीवर मी तेव्हा नव्हतो, पण तिथं काय बोललं गेलं असेल ते मला माहीत आहे: पोरं आहेत, मॅच बघायला आली, गंमत केली.

गंमत. या शब्दापाशी थोडं थांबायला हवं.

नाशिक जिल्ह्यात कांदा पिकवणाऱ्याला 'काटा मारणं' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जुने लोक सांगतात, वजनात मारणारा दोन तराजू ठेवत नसे. तराजू एकच, सगळ्यांना दिसेल असा टांगलेला. फक्त एका पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवलेला असे. घेताना त्या पारड्यात मापं, देताना माल, म्हणजे गोळ्याचं वजन दोन्ही वेळी मारणाऱ्याच्याच बाजूनं पडायचं. बघणाऱ्याला दोन्ही वेळी काटा सरळ दिसायचा. शिवीचं वजन करताना आपण हेच करतो. आपल्या तोंडून शब्द गेला की म्हणतो, हेतू बघा. आपल्या कानावर शब्द आला की म्हणतो, घाव बघा. तराजू तोच, न्यायाची भाषा तीच, आवाजही तितकाच सात्त्विक. 'गंमत केली', 'प्रेमानं म्हटलं', 'आपल्याकडे त्याचा तसा अर्थ होत नाही', ही सगळी पारड्याखालची चिंच.

हेतूला काहीच किंमत देऊ नये असं मी म्हणत नाही. रस्त्यात चुकून पाय लागला आणि लाथ मारली, यांत फरक आहेच. पण हेतू ही बोलणाऱ्याच्या खिशातली वस्तू आहे. ती आहे की नाही हे तोच सांगणार, किती आहे तेही तोच. घाव दुसऱ्याच्या अंगावर असतो. प्रामाणिक माणूस दोन्ही वेळी दोन्ही मोजेल. आपण एका वेळी एकच मोजतो, आणि कुठलं मोजायचं हे आधी तोंड कुणाचं आणि कान कुणाचा ते बघून ठरवतो.

'प्रेमानं' या चिंचेचा एक नमुना जून २०२० मधला. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेल्यावर जगभर लोक रस्त्यावर आले होते. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याला तेव्हा कुठे कळलं, की आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघात त्याला 'काळू' म्हणायचे त्याचा अर्थ काय. तोवर तो समजत होता की या शब्दाचा अर्थ दांडगा घोडा. तोही हसायचा. त्यानं जाहीरपणे विचारलं, पुढे एका सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं, त्यामागे माया होती हे त्यानं मान्य केलं आणि विषय मिटला. त्याचा मोठेपणा. पण सात महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, त्याच सिडनीत सीमारेषेवर उभ्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून वाईटसाईट बोललं गेलं, खेळ थांबला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं. आपण भडकलो आणि भडकायलाच हवं होतं. त्या प्रेक्षकांनी माया होती असं म्हटलं असतं, तर आपण ते क्षणभर तरी ऐकून घेतलं असतं का?

परदेशातलं उदाहरण नेहमी सोपं असतं, म्हणून पुन्हा २००८ मध्ये आणि पुन्हा एकलहऱ्याच्या पंचक्रोशीत येतो. हॅन्सन यांचा निकाल २९ जानेवारीचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईत उत्तर भारतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं, १३ तारखेला राज ठाकरे यांना अटक झाली आणि नाशकात दगडफेक झाली. त्यानंतरचे काही दिवस नाशिकरोड स्टेशनवर जे दिसलं ते विसरणं कठीण आहे. गोणपाटात बांधलेले संसार, कडेवरची पोरं, मिळेल त्या गाडीत घुसणारी माणसं. वर्तमानपत्रांचा अंदाज होता की एकट्या नाशिकमधून १५ हजारांच्या आसपास माणसं गेली. एकलहऱ्याहून तेच आमचं स्टेशन. पंधरा दिवसांपूर्वी वर्णद्वेषावर तावातावानं बोलणारी टपरी आता वेगळ्या सुरात बोलत होती, आणि त्या बोलण्यात दर वाक्याला एक शब्द येत होता: भय्ये. या शब्दाचा अर्थ भाऊ. कुणी हटकलं तर सांगायला तो अर्थ हाताशी असतोच, मारुतीरायासारखा.

आणि 'घाटी'? मुंबईत गोदीत नाहीतर गिरणीत राबलेल्या, वडाळा-लालबागला राहिलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. घाटावरून आलेला तो घाटी, शब्दाचा अर्थ एवढाच. पण कुठल्या मजल्यावरून आणि कसा ओठ मुडपून तो फेकला जायचा, हे मराठी माणसाला इतकं नेमकं ठाऊक आहे की तिथं त्याला शब्दकोश लागत नाही. घाटीचं वजन करताना आपला काटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक असतो. तोच काटा 'भय्या'च्या वेळी, 'लुंगी'च्या वेळी, 'चिंकी'च्या वेळी गंजलेला कसा निघतो?

गोव्यात ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला. त्यानंतर तेव्हाचे कला व संस्कृती मंत्री दयानंद मांद्रेकर यांनी नायजेरियन लोकांची तुलना कॅन्सरशी केली आणि पुढे माफी मागितली. माफी झाली, पण आपल्या वर्तमानपत्रांची सवय गेली नाही. मुंबई-पुण्यात कुणी आफ्रिकी माणूस पकडला गेला की मथळ्यात पहिला शब्द 'नायजेरियन'. तो कधी घानाचा असतो, कधी टांझानियाचा.

नाशिककराला तर आफ्रिकी माणूस नवा असायचं कारणच नाही. आज शरणपूर रोडवर सिग्नलला थांबणाऱ्या किती जणांना माहीत आहे, की एकोणिसाव्या शतकात इथल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहत होती, शिकत होती, सुतारकाम-लोहारकाम करत होती? जगाच्या इतिहासात त्यांचं नाव 'नासिक बॉइज' असंच नोंदलेलं आहे. त्यांतला जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा ज्यांनी त्यांचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणलं त्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटिकेला हात लावणाऱ्यांतही होता. नाशकात शिकलेला मुलगा. शरणपूरचे पुष्कळ जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला जाऊन वसले. आपल्या शहराच्या नावानं ओळखली जाणारी माणसं आपण विसरलो, आणि 'हबशी' हा शब्द मात्र दांडगट माणसासाठी शिल्लक ठेवला.

आता ज्या कोपऱ्यात जायचं मी टाळत होतो तिथं जातो. वर्ण म्हटलं की मराठी माणसाला कातडीच्या आधी जात आठवते, आणि इथं आपला तराजू रोज टांगलेला असतो, सकाळच्या वर्तमानपत्रात. आतल्या पानावर गुन्ह्याची बातमी असते: 'जातिवाचक शिवीगाळ करून मारहाण.' कुठला शब्द वापरला ते छापत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दोन पानं उलटली की वधू-वर सूचक पान. तिथं तेच शब्द ठळक टायपात मथळे म्हणून, एकाखाली एक. एका पानावर जो शब्द इतका विषारी की छापता येत नाही, तोच दुसऱ्या पानावर इतका सोवळा की त्यावर स्थळं जुळतात. 'जातिवाचक शिवी' ही शब्दरचना तरी बघा. सगळ्याच जातींना नावं आहेत, पण जातीचं नाव उच्चारणं हीच शिवी व्हावी, हे काहींच्याच वाट्याला आलं. कुलकर्ण्याला बामण म्हटलं तर तो चिडेल, त्याला ते टोचेलही, पण त्या शब्दानं त्याला कधी विहिरीवरून हाकललेलं नाही. दोन्ही शब्द एकाच मापानं मोजले पाहिजेत, असा आग्रह धरणारे मला भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की माप सारखं म्हणजे पारडं सारखं ना? मग एका शब्दामागे जे हजार वर्षांचं वजन आहे ते पारड्यातून आधीच काढून का ठेवलंत?

सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला तोही २००८ मध्येच, ऑगस्टमध्ये, स्वरणसिंग यांच्या खटल्यात. बचाव होता, की तो शब्द तर जातीचं नाव आहे, त्याची व्युत्पत्ती चामड्याच्या कामाशी आहे, त्यात शिवी कुठे आली? न्यायालयाचं म्हणणं पडलं की व्युत्पत्तीकडे बघून चालणार नाही, आज लोक तो शब्द कसा वापरतात ते बघावं लागेल. पुढे २०११ मध्ये तामिळनाडूतल्या एका खटल्यात न्यायालयानं अमेरिकेतल्या 'निग्रो' शब्दाचा दाखला दिला: पन्नास वर्षांपूर्वी तो खपत होता, आता खपत नाही. म्हणजे आपल्या जातीच्या शिव्या आणि त्यांच्या वर्णाच्या शिव्या एकाच ओळीत मांडण्याचं काम न्यायाधीशांनी केलं. आम्ही लिहिणारे तोवर काय करत होतो? ज्या जातीच्या नावावरून तो २००८ चा खटला चालला, तेच नाव जोडलेला 'चांभारचौकशी' हा शब्द नसत्या उठाठेवीसाठी खुशाल वापरत होतो. अग्रलेखांत वाचलाय, भाषणांत ऐकलाय. मी स्वतः लिहिलाय. लिहिताना मनात कुणाचा अपमान नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. म्हणजे पुन्हा खिशात हात घालून हेतूच काढून दाखवेन.

'पारधी टोळी' हा दुसरा मासला. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मथळ्यांतून रद्द झाला नाही. दुसऱ्या जातीच्या चार पोरांनी दरोडा घातला तर 'चार तरुणांना अटक', पारध्यांनी घातला तर जमातीचं नाव पुढे. बातमी देणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, पोलिसांनी सांगितलं ते लिहिलं.

सरकारचा काटा तर आणखी मजेशीर चालतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढच्या एका याचिकेनंतर ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सूचना पाठवली, की 'दलित' हा शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. त्या शब्दाला त्या समाजातूनही आक्षेप होता, हे खरं. पण त्याच समाजातल्या पोरांनी १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर काढली तेव्हा तो शब्द छातीवर लावला होता, हेही खरं. म्हणजे लोकांनी स्वतः निवडलेलं नाव २०१८ मध्ये पडद्यावरून उतरवायला निघालो, आणि महारवाडा, मांगवाडा ही दुसऱ्यांनी दिलेली नावं गावागावांच्या कागदांवर तशीच होती. ती बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये.

इथं एक तक्रार हमखास येते. ते स्वतःला म्हणतात ते चालतं, आम्ही म्हटलं की गुन्हा, मग दुटप्पी कोण? अमेरिकेत हीच तक्रार गोरा माणूस करतो: काळे गायक गाण्यात वर्णाची ती शिवी दर ओळीला वापरतात, मी गुणगुणलो तर नोकरी जाते. वरवर बघता तक्रार रास्त वाटते. पण आई आपल्या पोराला 'गाढवा' म्हणते तेव्हा शेजारणीला तोच परवाना मिळत नाही, आणि शेजारीण त्याला दुटप्पीपणा म्हणत नाही. लक्ष्मण गायकवाडांनी आत्मकथेचं नाव 'उचल्या' ठेवलं, किशोर शांताबाई काळेंनी 'कोल्हाट्याचं पोर'. ज्या शब्दानं पोलिसानं झडती घेतली, ज्या शब्दानं वर्गात पोरं हसली, तो शब्द उचलून स्वतःच्या पुस्तकाच्या कव्हरवर लावणं हा काट्याखालची चिंच ओढून काढण्याचा प्रकार आहे. ती चिंच आपण परत मागायला जायचं कारण नाही.

रंगाकडे परत येतो, कारण सुरुवात तिथून केली होती. आमच्या पंचवटीत काळाराम आहे, जवळच गोराराम आहे. गर्दी काळ्याकडे. त्याच दाराशी २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. काळ्या पाषाणाच्या देवाला डोळे भरून बघायला हजारो कोस चालून येणारी माणसं आपण. पंढरीचा तर सावळाच. देवाच्या बाबतीत आपल्या मापात खोट नाही. ती घरी आल्यावर दिसते. सून बघताना सावळी म्हणजे काळी, गव्हाळ म्हणजे सावळी, निमगोरी म्हणजे गव्हाळ, अशी एक पायरी खाली उतरून वाचायची रीत प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. ट्यूब तीच, गुलाबी.

मागच्या वर्षी तो भेटला. ज्याला आम्ही कोळसा म्हणायचो तो. आता नाशिकरोडला स्वतःचं घर आहे, मुलगा इंजिनिअर. मी लिहितो म्हणून मुलाच्या लग्नाची जाहिरात लिहून दे म्हणाला. आत त्याची आई झोपली होती. मी सवयीनं त्याला खऱ्या नावानंच हाक मारत होतो. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. मुलाची उंची, पगार, शिक्षण. मग म्हणाला, "लिही, गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे."

माझा हात थांबला. म्हटलं, "अरे, गोरी कशाला? तू तरी?"

"पोरगा माझ्यावर गेलाय," तो म्हणाला. "नातवंडं तरी..."

मी त्याला 'कोळसा'ची आठवण करून द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती आठवण करून द्यायचा हक्क माझा नव्हता. दुसरा रस्ता धरला. म्हटलं, "जाहिरातीला शब्दांवर पैसे पडतात. तेवढा एक काढला तर वाचतील."

"तेवढे मी देतो," तो म्हणाला.